भोंगा वाजत असताना गाणं

पोवाडा लढाई संपल्यावर रचतात. गड घेऊन झालेला असतो, कोण पडलं, कोण तरलं ते ठरलेलं असतं, मग शाहीर डफावर थाप टाकतो. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला तो खान मेल्यावर. तुळशीदासाने सिंहगडाचा रचला तो तानाजी पडल्यावर. ऐकणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो, आणि ठाऊक असतो म्हणूनच त्याच्या अंगावर काटा येतो. मागे उभे राहून झील धरणाऱ्यांच्या आवाजात शंका नसते. निकाल लागलेला असतो, ते त्यावर सही करत असतात.

१९४३ च्या सुमाराला मुंबईत विशी ओलांडलेल्या एका कामगाराने स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. व्होल्गाकाठचं ते शहर त्याने पाहिलेलं नव्हतं. शाळा दीड दिवसाची. अक्षरं शिकला तो दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची पत्रकं वाचून. २ फेब्रुवारी १९४३ ला जर्मन फौजेने तिथे हत्यारं टाकली हे खरं, पण युद्ध अजून दोन वर्षं चालायचं होतं. जपानी ब्रह्मदेशात येऊन बसले होते आणि मुंबईतले दिवे झाकलेले होते. शेवट काय होणार हे गाणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि ऐकणाऱ्यालाही. अण्णाभाऊ साठे यांनी हा पोवाडा कामगार वस्त्यांत म्हटला आणि तो उचलला गेला.

आपल्याकडे हा पोवाडा क्रांतिकारी वाङ्मयाच्या कप्प्यात ठेवून देतात, आणि तो तिथे आहेही. पण संगीताच्या बाजूने पाहिलं तर त्यात एक अवघड काम झालेलं आहे. पोवाड्याचा नायक एक असतो: शिवाजी, तानाजी, बाजी. इथे नायक म्हणून एक अख्खं शहर उभं करायचं होतं. ऐकणाऱ्याच्या तोंडात न बसणारी नावं लावणीच्या आणि तमाशाच्या वजनात बसवायची होती. आणि मुख्य म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी शिळी व्हायच्या आत डफावर चढवायची होती. हे सगळं कशावर? डफ आणि तुणतुण्यावर.

तुणतुणं जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक पोकळ नळकांडं, तळाला कातडं ताणून बसवलेलं, त्या कातड्याच्या मधोमध अडकवलेली एकच तार वर दांडीच्या खुंटीला गुंडाळलेली. नळकांडं काखेत धरायचं आणि तार छेडत राहायची. चाल त्यावर वाजत नाही. एकच स्वर, थोडा खरखरीत, आणि त्याच स्वराने लयही धरायची. शाहीर श्वास घ्यायला थांबला तरी तुणतुणं थांबत नाही. गाण्याच्या खाली ते जमिनीसारखं असतं. एकाच स्वरावर तासभर बसून राहण्याचा शोध युरोप-अमेरिकेतल्या नवसंगीतकारांना १९६० च्या दशकात लागला आणि त्यावर पुस्तकं निघाली. आपल्या झीलकऱ्याला त्याबद्दल कुणी विचारलं नाही, हे जाता जाता.

१९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे तमाशाचं लोकनाट्य करताना अण्णाभाऊंनी गण बदलला. गणपतीच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना नमन आलं, गौळण गेली. पोवाड्यांचे विषय पाहिले तर दिशा आणखी स्पष्ट दिसते. ‘बंगालची हाक’ दुष्काळावर आहे. ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ फाळणीच्या कत्तलीवर आहे. ज्यात कुणीच जिंकलेलं नाही त्यावर पोवाडा! विजय सांगायला जन्मलेला प्रकार लाज सांगायला वापरला गेला. माझ्या लेखी मराठीतला त्या काळातला सगळ्यात धाडसी ध्वनिप्रयोग हाच, जरी त्या मंडळींनी स्वतःला प्रयोगशील वगैरे कधी म्हणवून घेतलं नसेल.

*

मुंबईवर बॉम्ब पडले नाहीत, तरी मुंबई युद्धातलं शहर होती. बंदर होतं, फौजा उतरत होत्या, अंधार होता आणि कान ताठ होते. त्या शहरात काय काय ऐकू येत होतं ते एकत्र मांडलं तर चित्र मजेदार दिसतं.

ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस ४२.३४ मीटरवर एक चोरटं रेडिओ केंद्र सुरू झालं. २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे साथीदार काँग्रेस रेडिओ चालवत होते. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत आणि केंद्र एका घरातून दुसऱ्या घरात हलत असे. ‘हिंदोस्ताँ हमारा’ने सुरुवात आणि ‘वंदे मातरम्’ने शेवट असा त्याचा शिरस्ता. १२ नोव्हेंबरला पोलीस गिरगावातल्या जागेत दार फोडून शिरले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी फिरत होती. ती बंद करायला उषाबेननी नकार दिला. तबकडी संपली आणि मग अटक झाली. चार वर्षांची शिक्षा.

आता पाहा: त्याच शहरात, त्याच महिन्यांत, अण्णाभाऊंचा कम्युनिस्ट पक्ष हे लोकयुद्ध आहे म्हणून ‘चले जाव’च्या विरोधात उभा होता. म्हणजे एका बाजूला चोरटी लहर आणि दुसऱ्या बाजूला उघड्या मैदानातला डफ, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. आज दोन्ही गोष्टी आपण एकाच ‘स्फूर्तिदायक’ टोपलीत टाकतो. तेव्हाच्या गिरणगावात मात्र एकाच चाळीतले दोन भाऊ यावरून बोलायचे बंद झाले असतील, तर नवल नाही.

तिसरा आवाज सरकारी होता. वॉल्टर कॉफमन नावाचा कार्ल्सबाडचा ज्यू संगीतकार हिटलरच्या सावटामुळे १९३४ साली प्रागहून मुंबईला आला. हिंदुस्थानी संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यात त्याला काही अर्थच लागेना. आणि ज्या संगीताने लाखो माणसं हलतात ते आपल्याला कळत नाही तर दोष आपला, असं ठरवून तो शिकायला बसला. १९३७ ते १९४६ तो मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहत होता. मेहली मेहतांसारख्या व्हायोलिनवादकांबरोबर त्याच्या मंडळाच्या मैफली होत. शिवरंजनीच्या सुरांवर, तंबोऱ्याच्या साथीने, त्याने आकाशवाणीची संकेतधून बांधली. आमच्या परभणी केंद्राची सकाळ वर्षानुवर्षं याच धुनेने उघडली आहे. १३०५ किलोहर्ट्‌झवर शेतीचे भाव ऐकायला रेडिओ लावून बसलेल्या आमच्या जिल्ह्यातल्या किती माणसांना ही धून एका निर्वासिताची आहे हे माहीत असेल? कुणी सांगितलंच नाही. युद्ध यायच्या आधी घर सोडावं लागलेल्या माणसाने दुसऱ्याच्या रागात बांधलेली ती चाल आहे, आणि ती दोन्हीकडची वाटत नाही, हेच तिचं बळ.

आणि चौथा आवाज. १४ एप्रिल १९४४, दुपारी चार वाजून गेल्यावर, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटलं. त्यात कापसाच्या गाठी होत्या, शेकडो टन स्फोटकं होती आणि सोन्याच्या विटाही. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा स्फोट. ८० किलोमीटरवर आवाज गेला, शेकड्यांनी माणसं मेली, आणि सरकारने बातमी दाबली. सबंध शहराने जे कानांनी ऐकलं ते छापायला बंदी! दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने सविस्तर बातमी दिली. मुंबईच्या वर्तमानपत्रांना परवानगी मिळाली ती मे महिन्यात. युद्धकाळात आवाज आणि बातमी यांची फारकत कशी होते, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

*

युद्धातल्या शहरात संगीत का बदलतं, याचं उत्तर दुःखात किंवा देशप्रेमात शोधायची सवय आहे. मला ते कानात सापडतं. शांततेच्या काळात आपण बहुतेक आवाज ऐकून न ऐकल्यासारखे करतो. लढाई लागली की प्रत्येक आवाजाला अर्थ येतो: दार आपटलं की बंदूक? ढग की विमान? माणसं नाइलाजाने उत्तम श्रोते होतात. आणि अशा कानांपुढे जुनी चाल वाजवली की ती पोकळ वाटू लागते. ती खोटी नसते, अपुरी पडते.

लेनिनग्राडच्या वेढ्यात (८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४) रेडिओवर कार्यक्रम नसताना लंबकाच्या तालयंत्राचे ठोके लावून ठेवत. संथ ठोके, मिनिटाला पन्नासेक, म्हणजे आकाश मोकळं आहे. दीडशेच्या आसपास गेले की विमानं आली, तळघरात पळा. उपाशी, गोठलेलं शहर अडीच वर्षं त्या ठोक्यांवर झोपलं आणि उठलं. ठोके पडतायत म्हणजे रेडिओ जिवंत आहे, म्हणजे शहर पडलेलं नाही. शोस्ताकोविचची सातवी सिंफनी तिथे ९ ऑगस्ट १९४२ ला वाजली ही कथा जगाला पाठ आहे. कार्ल एलियासबर्गच्या वाद्यवृंदात वाजवू शकणारे जेमतेम पंधरा उरले होते, फौजेतले वादक आणून भरती करावी लागली, ध्वनिक्षेपक जर्मन खंदकांकडे तोंड करून लावले. मोठीच गोष्ट आहे. पण एकच निवडायचं तर मी ते तालयंत्र निवडीन. त्यात सूर नाही, शब्द नाही, कर्ता नाही, आणि लाखो माणसांनी ते जिवाच्या आकांताने ऐकलं.

कैरोची गोष्ट परभणीकरांना जवळची वाटावी. आमच्याकडे १८ मे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. ‘परभणी मोती’ ज्वारी तिथलीच. हलीम अल्-दब्ह हा कैरोचा तरुणही शेती अभियांत्रिकीचा विद्यार्थी. १९४४ साली, कैरो दोस्त राष्ट्रांच्या फौजांनी भरलेलं असताना, त्याने तिथल्या रेडिओ केंद्राकडून तारेवर आवाज टिपणारं यंत्र मागून आणलं. त्या यंत्रात फीत नव्हती. केसासारखी पोलादी तार रिळावरून फिरायची. ते जड धूड घेऊन तो ‘झार’ या विधीला गेला. बायकांच्या अंगातलं वारं उतरवायला बायकाच डफ वाजवून गातात तो हा विधी. मरीआईच्या देव्हाऱ्यापुढे हलगीच्या ठेक्यावर अंगात येणाऱ्या बाया ज्याने पाहिल्या आहेत त्याला त्याचं वर्णन वाचून काही नवं वाटणार नाही. नवं आहे ते पुढचं. रेडिओ केंद्राच्या घुमणाऱ्या खोलीत, हलत्या भिंती मागेपुढे करत त्याने ते गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं आणि आवाजाचा मूळ गाभाच गाळून टाकला. शब्द गेले, बाया गेल्या, डफ गेला. वर तरंगणारी कंपनं तेवढी राहिली. पॅरिसच्या पिएर शेफरने ५ ऑक्टोबर १९४८ ला रेडिओवर ‘आवाजांची मैफल’ केली आणि टिपलेल्या आवाजातून संगीत करण्याचा जन्मदिवस म्हणून तो दिवस पुस्तकांत बसला. कैरोच्या पोराने ते चार वर्षं आधी केलेलं होतं.

शेफरही युद्धातूनच घडला. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसात, १९४२ पासून, तो रेडिओची प्रयोगशाळा चालवत होता. २४ ऑगस्ट १९४४ च्या संध्याकाळी शहर मोकळं होऊ लागलं तेव्हा रेडिओवरून त्याने पाद्रींना देवळांच्या घंटा वाजवायला सांगितलं. चार वर्षं दबलेलं शहर घंटांनी भरून गेलं. नंतर कारखान्यातल्या, आगगाडीच्या आवाजांतून संगीत बांधायला निघालेल्या माणसाने त्याआधी अख्खं शहर वाद्य म्हणून वाजवून पाहिलं होतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अथेन्सच्या रस्त्यांवर यानिस झेनाकिस लढत होता. तोफगोळ्याच्या तुकड्याने त्याचा डावा डोळा गेला. त्याच्या मनात राहिलं ते वेगळंच: हजारो माणसांची एका तालात चाललेली घोषणा, मग मशीनगन, आणि तो एक ताल हजार तुकड्यांत फुटून किंकाळ्यांचा ढग होणं. पुढे तो वास्तुरचना आणि गणिताकडे वळला आणि प्रत्येक व्हायोलिनला वेगळा सूर देऊन आवाजाचे ढग बांधू लागला. ‘मेटास्टॅसिस’ १९५५ साली वाजली तेव्हा ऐकणारे चिडले होते. चिडणारच, त्यांना रस्ता ऐकू येत नव्हता, आकडेमोड ऐकू येत होती.

*

आता बैरूत. जुलै २००६ मध्ये इस्रायलची विमानं शहरावर बॉम्ब टाकत होती. माझेन कर्बाज हा व्यंगचित्रकार आणि ट्रम्पेटवादक रात्री आपल्या गच्चीत बसला आणि वाजवू लागला. रेकॉर्डिंगची साडेसहा मिनिटं सगळीकडे ऐकायला मिळतात. नाव ‘तारांकित रात्र’. हेडफोन लावून, रात्री ऐकायची ती गोष्ट आहे.

ट्रम्पेट म्हणून आपल्या मनात जो तेजस्वी आवाज असतो तो त्यात नाहीच. नळीतून हवा जाते, थुंकी खुळखुळते, पत्रा थरथरतो, कुणीतरी दम लागून श्वास घेतंय असं वाटतं. मग लांबवर बॉम्ब. त्या धडाक्यानंतर गल्लीतल्या गाड्यांचे भोंगे एकामागून एक बोंबलायला लागतात, कुत्री भुंकतात. मग हे सगळं विरतं आणि तो पुन्हा फुंकर घालतो, आधीपेक्षा हळू. बॉम्बशी तो स्पर्धा करत नाही, त्याच्यावर मात करायला एखादी धीराची चालही वाजवत नाही. पहिल्यांदा ऐकताना मला हे मुजोर वाटलं होतं: माणसं मरतायत आणि तुला जुगलबंदी सुचते? पण तो काही लढाईच्या शोधात गेलेला नाही, घरीच आहे. बॉम्ब त्याच्या घरी आलेत.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण उलटी परंपराही आहे. इटलीच्या लुइजी रुसोलोने १९१३ साली ‘गोंगाटाची कला’ हा जाहीरनामा लिहिला, त्यात मित्र मारिनेत्तीचं बाल्कन युद्धातलं तोफांच्या आवाजांचं वर्णन कौतुकाने छापलं. यंत्रांचा गोंगाट संगीतात आणण्याची त्याची दृष्टी खरोखर मोठी होती. युद्धाच्या आवाजाने मोहून जाणं मात्र तेव्हाही पोरकट होतं. पहिल्या महायुद्धात तो स्वतः गेला आणि डोक्याला जखम घेऊन परतला.

तो मोह आपल्याकडेही दूर नाही. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली, मुंबईत भोंगे वाजले. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत वृत्तवाहिन्यांनी स्टुडिओत बसून हवाई हल्ल्याचा भोंगा पार्श्वसंगीतासारखा लावून ठेवला, इतका की १० मे रोजी केंद्र सरकारला वाहिन्यांना कळवावं लागलं: हा आवाज कार्यक्रमात वापरू नका, लोकांचा खऱ्या भोंग्यावरचा विश्वास उडेल. परभणीत, मानवतमध्ये, गंगाखेडच्या चहाच्या टपरीवर टीव्हीतून तो भोंगा वाजत होता आणि सीमा शेकडो किलोमीटर लांब होती. गच्चीतला कर्बाज आणि स्टुडिओतला निवेदक, दोघेही युद्धाचा आवाज वापरतात. एकाच्या आवाजात भीती आहे, दुसऱ्याच्या आवाजात जाहिरातीआधीची घाई.

कीवच्या ओलेह श्पुदेइकोने (‘हाइनाली’ या नावाने तो संगीत करतो) तिसरीच वाट धरली. २०२२ साली त्याने ल्विव्हमधल्या निवाऱ्यात बसून यंत्रावर मध्ययुगीन धर्तीचं संगीत वाजवलं आणि जगाला ऐकवलं. २४ फेब्रुवारी २०२३ ला, हल्ल्याला वर्ष झालं त्या दिवशी, ‘कीव शाश्वत’ हा संच काढला. त्यात स्फोट नाहीत. युद्धाआधी सहज टिपून ठेवलेले शहराचे साधे आवाज आहेत, सुरांच्या लाटांत भिजवलेले. ज्याचं शहर जळतंय त्याला स्फोट ऐकवायची गरज नसते.

*

मग परभणी? आमच्याकडे युद्ध झालं का?

झालं, आणि ते आमच्या शाळेच्या पुस्तकात दीड पानात संपतं. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘मोगलाई’ आहे. सभा भरवायला ‘गश्ती निशाण ५३’प्रमाणे परवानगी लागे. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात. पुढच्याच वर्षी औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायचं थांबवलं नाही म्हणून त्यांना काढून टाकण्यात आलं; शेकडो पोरं शिक्षणासाठी नागपूरला गेली. एका गाण्यापायी घर सोडलेली ती पिढी.

ऑगस्ट १९४७ नंतर वर्षभर या भागात जे चाललं त्याला दुसरं नाव नाही. निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार गावांत शिरत होते, वऱ्हाडाच्या हद्दीवरच्या वाशीम, उमरखेडसारख्या ठिकाणच्या शिबिरांतून कार्यकर्ते करोडगिरी नाके जाळायला येत होते, ३० जानेवारी १९४८ ला शेजारच्या उमरीची बँक लुटली गेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या. १७ च्या संध्याकाळी निजामाने हैदराबादच्या रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली. त्या आवाजावर संस्थान संपलं. पॅरिसमधली शेफरची आवाजांची मैफल त्यानंतर अठरा दिवसांनी.

या काळाचे पोवाडे झाले, आणि दर १७ सप्टेंबरला झेंड्यासमोर होतातही. अण्णाभाऊंनी संस्थानाच्या दुसऱ्या टोकावर ‘तेलंगणाचा संग्राम’ रचला. पण विजयाचा पोवाडा जिथे संपतो त्याच्या पुढचे आठवडे कुणी गायलेले नाहीत. फौजांच्या या कारवाईनंतर, म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’नंतर, मराठवाड्यात आणि आसपास मुसलमानांच्या कत्तली झाल्या. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज संस्थानभरासाठी २७,००० ते ४०,००० असा दिला, सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत शेजारचं नांदेडही होतं, आणि तो अहवाल दशकानुदशकं दडपून राहिला. गोदीच्या स्फोटाची बातमी महिन्याने तरी छापून आली होती. रझाकारांनी मारलेल्यांचं दुःख खरं आहे. त्यानंतर मारले गेलेल्यांचंही खरं आहे. डफावर आतापर्यंत पहिलंच चढलं. ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ रचणाऱ्या माणसाच्या भाषेत हे जमलं नाही असं कसं म्हणणार? जमवलं गेलं नाही.

परभणीत एक लेखक होता, त्याला हे कळत होतं असं मला वाटतं. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे बी. रघुनाथ, सातोन्याला १५ ऑगस्ट १९१३ ला जन्म, निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी, आणि ७ सप्टेंबर १९५३ ला कचेरीत काम करता करताच मृत्यू. १९४६ साली, सगळं जग विजयाचे उत्सव करत असताना, त्यांनी कादंबरीला नाव दिलं ‘म्हणे लढाई संपली’. त्या ‘म्हणे’मध्ये जो तिरकस सूर आहे तो मराठवाड्याच्या ओट्यावरचा आहे, सरकारी दवंडी ऐकून घेतली, मान डोलावली, आणि दवंडीवाला वळल्यावर शेजाऱ्याकडे पाहिलं. शहरात त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथे सनई-चौघडे, नाटकं, सत्कार होतात. त्या एका शब्दावर कुणी काही बांधलेलं मी तरी ऐकलं नाही.

सामग्री कमी नाही. पोतराजाची हलगी आहे: वाजवण्याआधी पाचटाचा किंवा कागदाचा जाळ करून तिचं कातडं शेकतात, मधूनमधून बोटाने टिचकी मारून पाहतात, आवाज ‘ठप्प’चा ‘टण्ण’ झाला की मग टिपरू उचलतात. पावसाळी हवेत ती दहा मिनिटांत पुन्हा उतरते आणि पुन्हा जाळ करावा लागतो. फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसात कव्वाली असते आणि तिला गर्दी हिंदू आणि मुसलमान दोन्ही वस्त्यांची असते. गंगाखेड जनाबाईचं, जात्यावरची ओवी या जिल्ह्यात इतकी मुरलेली, की हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांच्या ओवीसंग्रहासाठी पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या गावातून ओव्या टिपल्या गेल्या. त्या टिपणांत नुसते शब्द नाहीत, दगडाची घरघरही आहे. त्या घरघरीवर बायकांनी सासर, माहेर, सीता, पांडुरंग सगळं सांगितलं. रझाकारीच्या साली जातं पहाटे ओढायचं की नाही, आवाज बाहेर जाईल का, याचा विचार कुठल्या घरात झाला असेल?

हा प्रश्न उगाच नाही. त्या काळाबद्दल म्हाताऱ्या माणसांना ‘तेव्हा काय झालं?’ असं विचारलं की बहुधा तयार उत्तर येतं: कुठल्यातरी सत्कारात दिलेलं भाषण, पुढाऱ्यांची नावं, तारखा. ‘काय ऐकू यायचं?’ असं विचारलं की माणूस जरा थांबतो. मग येतात ते तपशील कुठल्या गौरवग्रंथात नसतात: रात्री घोड्यांच्या टापा, बंद झालेली काकडआरती, शेजारच्या वाड्यातून न येणारा आवाज. १९४८ साली दहा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीच्या जवळ आहेत. त्यांतली काही हिंदू आहेत, काही मुसलमान. काही परभणीत आहेत, काही पोरांकडे पुण्यात किंवा हैदराबादेत. त्यांच्या नातवांच्या खिशातल्या फोनमध्ये जे टिपण्याचं बटण आहे ते हलीम अल्-दब्हच्या मागून आणलेल्या धुडापेक्षा कितीतरी चांगलं काम करतं. परभणी-सेलू-जिंतूरकडची पोरं आज त्या फोनवर उरुसाचे आणि गणपतीच्या ढोलांचे तुकडे जोडून डीजेची गाणी बनवतात, ठेका कुठे कापायचा ते त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांतल्या दोघाचौघांनी घरातल्या आजा-आजीला हा दुसरा प्रश्न विचारावा आणि मधे न बोलता फोन चालू ठेवावा. चालीचं नंतर बघता येईल.